उघड्या मानेची

सोनूबाई : बस गो जरा. सकाळपासनं पडवीत फेऱ्या मारतेस.

नेत्रा : आत्या, अर्ध्या तासात पिल्लांचा टेम्पो म्हसळ्याहून निघेल. हो की नाही, एवढंच कळवायचंय त्या पिल्लंवाल्याला.

सोनूबाई : दाव परत त्यो फोटो. ई! पिसं उपटल्यावानी मान. कोंबडी हाय का गिधाड?

नेत्रा : जन्मतःच तशी असते. कोंबडीला घाम येत नाही ना. मानेवर पिसं नसली की अंगातली उष्णता तिथून बाहेर पडते.

सोनूबाई : आन वाडीच्या राखणीला देवाला काय देऊ? असला कोंबडा? देव इचारेल, निम्मा कुनी सोलला?

नेत्रा : राखणीसाठी एक गावठी वेगळा ठेवू.

सोनूबाई : गेल्या साली पन तू तुज्या वहीतले आकडे बघूनच आनलीस. पांढरी, लठ्ठ. मे महिन्यात एका दुपारी नऊ मेली.

नेत्रा : माहीत आहे.

सोनूबाई : माझी मैना पन मेली त्यांच्यात. ती तर गावठी व्हती.

नेत्रा : माहीत आहे, आत्या! मुंगूस येतं म्हणून मीच खुराड्याला कडी घातली आणि बाजारात गेले. पत्र्याखाली त्रेचाळीस अंश होते. आल्यावर मोजले मी.

सोनूबाई : आल्यावर.

नेत्रा : हो.

सोनूबाई : निम्म्या वाडीची अंडी मैनेखाली उबली. खुडूक बसली की हालायची न्हाय. ह्या तुज्या बसतात का खुडूक?

नेत्रा : वहीत वजन लिहिलंय, अंडी किती तेही लिहिलंय... हे विचारलंच नाही. थांब, फोन लावते.

(नेत्रा अंगणात जाऊन फोनवर बोलते, परत येते.)

नेत्रा : काही बसतात, काही नाही म्हणाला. खात्री देत नाही. नको म्हणून सांगू?

सोनूबाई : मागल्या टायमाला खात्री तूच दिलीवतीस. ह्यो निदान खरं बोलतो.

नेत्रा : आत्या, दहा मिनिटं राहिली.

सोनूबाई : शेजारच्या नीराबाईची तांबडी कोंबडी खुडूक बसते. मागितली तर देईल. ह्यांची अंडी तिच्याखाली ठिवू. निघतील ती पिल्लं निम्मी नीराबाईची, निम्मी आपली.

नेत्रा : म्हणजे हो?

सोनूबाई : सहाच. पत्र्यावर पेंढा टाकायचा. आन दुपारची कडी न्हाय.

नेत्रा : मग मुंगूस?

सोनूबाई : तूच सांग.

नेत्रा : मी बसेन दारात. ऊन उतरेपर्यंत, रोज.

सोनूबाई : तू? एका जागी?

नेत्रा : बसेन.

सोनूबाई : पाट घे बसायला. जमीन तापते.