कंदिलावरचा शिक्का

हॅलो?… हॅलो, कोण?… अहो मोठ्यानं बोला, नुसती खरखर येतेय… कोण, वेणी? हो गं, वहिनीच बोलतेय. हुबळीहूनच ना? बूथवरून?… बरं बरं, बोल.

…

हो. पडले.

काल मोजणी झाली… नाही, तिकडच्या पेपरात कशाला येईल? बेंगळूरच्या कार्पोरेशनचं हुबळीला कोण छापतंय! दोनदा विधानसभेला पडले तेव्हा छापलं होतं, अगदी तळाला. ही तिसरी खेप.

हो गं, मलाही वाटलं होतं ह्या वेळी नक्की. विधानसभा म्हणजे कुठल्या कुठे पसरलेलं, तिथं आपल्याला कोण ओळखतंय? पण हा तर चिकपेटचा वॉर्ड. घरचं अंगण म्हण ना. मराठा मंडळीचं सभागृह कुणी उभं केलं? मुलींचं वसतिगृह कुणी केलं? कुणाचं लग्न अडलं, कुणाचं पोर दवाखान्यात, की आलीच हाक, अण्णा चला. आणि काल माइकवर पुकारतात, फत्तेसिंग, पराभूत… बघ, नावसुद्धा घेऊन टाकलं मी. इतकी वर्षं घेतलं नव्हतं. आता कसलं काय.

अगं, तू रडू नकोस. तू रडलीस तर मी काय करू? ऐक ना… हो, हो… अगं ऐक आधी, तिकडं तुझं मीटर पळतंय.

हे मोजणीवरून आले ते सरळ आतल्या खोलीत. कडी लावून घेतली. अन्नाला शिवले नाहीत. सकाळी कॉफी नेली तर दार किलकिलं करून म्हणतात, "पंचांना निरोप पाठव. संध्याकाळी या आणि किल्ल्या घेऊन जा."

कसल्या म्हणजे? देवळाच्या, सभागृहाच्या, वसतिगृहाच्या, सगळ्या! अध्यक्षपद सोडतायत… थांब, पुढं ऐक. चिकपेटच सोडायचं म्हणतात. बेळ्ळंदूरला ती साइट, रिकामी जागा, घेऊन ठेवलीय ना, तळ्याकाठची… हो, तिथंच! म्हशी आणि बेडकं! मी म्हटलं, अहो तिथं हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही. म्हणाले, "म्हणूनच."

…

नाही गं, पडल्याचं नाही एवढं. पडायची सवय झालीय आता. आपल्या माणसांनी पाठ फिरवली, हे जिवाला लागलंय. शाळेतल्या बूथची पेटी उघडली, आपल्याच गल्ल्यांची. हे टेबलाशी ताठ उभे. मनात म्हणाले असतील, आता बघा. आणि छत्रीची चळत एवढीशी, शेजारी कंदिलाची वाढतेय, वाढतेय…

अगं छत्री! ह्यांची निशाणी छत्री होती ह्या वेळी… बघ! तुलासुद्धा ठाऊक नाही! सख्खी बहीण!

कंदील मागच्या दोन्ही खेपेला. ह्या वेळी त्या नारळवाल्या व्यंकटेशनंही कंदीलच मागितला. दोघंही अपक्ष. मग ऑफिसरनं चिठ्ठ्या टाकल्या, त्याची निघाली… छे, तोही पडला! आला तो पार्टीचा माणूस. पण आपल्या गल्ल्यांची मतं सगळी त्या नारळवाल्याला. त्यानं आपल्या उंबऱ्याला पाय लावला नाही कधी. आता ह्यांच्या डोक्यात काय बसावं? त्यानं आतून लोक फोडले. "नारळावर विकली गेली माझी माणसं," म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड केलं.

एक मिनिट हं… काय आई?… हो, वेणी आहे. वे-णी! हुबळीहून!… सगळे बरे आहेत. बसा तुम्ही, पडाल!… तुझी आई गं. बाहेर ओट्यावर बसल्यात. काचेला राख लावून कंदील पुसतायत… हो, तोच, पहिल्या इलेक्शनचा. रोज तिन्हीसांजेला लावतात अजून. "माझ्या फत्त्याची निशाणी," म्हणतात. फोन देत नाही हं, त्यांना ऐकू कुठं येतंय. नुसते आशीर्वाद देत बसतील.

आता नीट ऐक. खरी गोष्ट पुढंच आहे. हळू बोलते, आत जाईल… ऐकू येतंय का?… नाही? थांब, वायर ओढून चुलीकडे येते… आता?… सरी, बरं. आता स्वल्प गप्प राहा आणि ऐक.

आज सकाळी आई मला म्हणतात, "सूनबाई, मी तर चांगला दाबून शिक्का मारला, मग पोर पडलं कसं?" मी आपलं सहज विचारलं, "कशावर मारलात?" तर माझ्याकडे अशा बघतात, जणू मी वेडी. "कशावर म्हणजे? कंदिलावर!"

…वेणी? आहेस ना?

हो गं. कंदिलावर. आणि एकट्या नाहीत! मतदानाच्या दिवशी पहाटे आंघोळ केली, नवी इरकल नेसल्या, काठी टेकत अख्खी गल्ली फिरल्या. सगळ्या म्हाताऱ्या गोळा केल्या, सुना उठवल्या, त्या पिठाच्या गिरणीवाल्या खंडोजीला दुकान बंद करायला लावलं. "चला गं बायांनो, कंदील विसरू नका. कंदिलाखेरीज कशाला हात लावायचा नाही." रांगेत उभं राहून बजावत होत्या म्हणे. सकाळी मला सगळं सांगत होत्या, तोंडावर केवढं कौतुक! मी हातातला पेला खाली ठेवला तो ठेवलाच.

हसतेस काय?… रडतेस? मला कळेना. मलाही सकाळी तसंच झालं, हसू का रडू.

मग मी मागच्या दारानं खंडोजीकडे गेले. हळूच विचारलं. छातीवर हात मारून म्हणाला, "अक्का, आम्ही काय परके? घरातली झाडून सगळी मतं कंदिलाला." त्याच्या बायकोनं तर वर मला धीर दिला. म्हणाली, "बाकीच्या लोकांनी दगा दिला हो, आम्ही नाही." काय सांगू त्या बाईला?

विकलं-बिकलं कुणी नाही, वेणी. सगळ्यांनी दिली. जीव लावून दिली… अगं, ह्यांना नावानं हाक कोण मारतंय? पोरंसुद्धा कंदीलअण्णा म्हणतात. आपल्या घराला कंदिलाचं घर म्हणतात. लोक कंदील सोडून कशावर शिक्का मारतील?

…काय?

मी? मी का नाही सांगितलं? शाब्बास! बरी आलीस विचारायला! आईंना ठाऊक असेलच, असं धरून चालले मी. आणि बाकीच्यांना? आपल्या गल्लीत मत मागतात का कधी? तुझ्या वडिलांनीच घालून दिलंय ना ते. ज्या घरात मांडी घालून जेवलो, तिथं मतासाठी हात जोडायचे नाहीत. तो त्या माणसांचा अपमान. पहिल्या खेपेला मी हळदीकुंकवात नुसता विषय काढला, तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते! ह्या वेळी तमिळांच्या घरी गेले, तेलुगूंच्या गेले, कापडवाल्या मारवाड्यांच्या पायऱ्या झिजवल्या. आणि आपल्या गल्लीतून नुसते मान ताठ ठेवून जायचे. डोक्यावर उघडी छत्री.

अगं हो, सगळ्यांनी पाहिली छत्री! उन्हाची धरलीय वाटलं त्यांना! आई तर म्हणाल्या, "बरं झालं बाई, डोक्याला ऊन लागत नाही पोराच्या."

…

पोस्टर होती गं. कन्नडमध्ये. म्हाताऱ्यांना कुठलं वाचायला येतंय? आणि शिकलेली पोरं मतदानाची सुट्टी मिळाली म्हणून नंदी हिल्सला गेली.

नाही… नाही, वेणी, तेच तर विचारायला तुझी वाट बघत होते. सांगू का नको ह्यांना? पंच आता येतील. नाही सांगितलं तर हे किल्ल्या टाकून मोकळे होणार. मरेपर्यंत ह्यांना वाटत राहणार की आपली माणसं विकली गेली. त्या तळ्याकाठी एकटे बसून झुरतील गं. मला माहीत आहे ना हा माणूस. लोकांवाचून ह्यांना घास उतरत नाही.

आणि सांगितलं तर?… अय्यो, तुला सोपं आहे म्हणायला "सांगून टाक". तू हुबळीला बसलीयस… काय?… ऐकू येत नाही… अगं मोठ्यानं! हॅलो? मी काय म्हणतेय, कसं सांगू? कुठल्या तोंडानं सांगू?… हो, ऐकलं, सांग म्हणतेस! काय सांगू? "अहो, तुमच्या लोकांनी नाही पाडलं, तुमच्या आईनं पाडलं तुम्हाला"? असं सांगू? गल्लीभर काठी टेकत फिरून, म्हाताऱ्या गोळा करून, तुमच्या आईनंच सगळी मतं त्या नारळवाल्याच्या पदरात टाकली? हे सांगू मी?…

…

वेणी.

कडी वाजली.

…

दारात उभे आहेत… नुसते बघतायत… अहो, वेणी आहे फोनवर… अहो, तुम्ही… ऐकलंत?… ऐकलं गं. माझ्या जिभेला हाड नाही. काय करून बसले मी!

फोन देऊ? अहो, घ्या ना, वेणी बोलावतेय… नको म्हणतायत. हातानंच… बाहेर निघाले. ओट्याकडे. आईंकडे चाललेत, वेणी! आता काय बोलतील… अहो, त्यांना काही बोलू नका हो! पाया पडते!…

ठेवू नकोस. मीटर गेलं खड्ड्यात, ठेवू नकोस फोन.

…

बसले. आईंच्या पायाशी, पायरीवर. आईंच्या हातात अजून ती काच आहे… चूप, ऐकू दे मला.

आई विचारतायत. मोठ्यानंच, त्यांना कुठं हळू बोलता येतंय. "फत्त्या, माझं मत पोचलं का रे तुला?"

…

खाली मान घालून बसलेत.

…

म्हणाले, "पोचलं आई."

हो, एवढंच… थांब… आईंना ऐकू गेलं नाही. कानाशी वाकून परत म्हणाले. "पोचलं आई. तुझं पोचलं. सगळ्यांची पोचली."

…

रडतेय! हो रडतेय, मग काय करू! दोनदा पडले तेव्हा ह्या माणसाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आज आईच्या मांडीवर डोकं ठेवलंय आणि खांदे हलतायत नुसते. आईंना वाटतंय, हे दमलेत. केसांवरनं हात फिरवतायत. काजळी लागली सगळी कपाळाला…

पंच आले. भीमाचार्य पुढं आहेत, मागं दोघं. चपला काढून अवघडून उभे आहेत बिचारे… नाही, किल्ल्या खुंटीवरच आहेत. ह्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. डोळे पुसून उठले. "या, बसा," म्हणतायत… मला म्हणतायत, कॉफी टाक सगळ्यांना.

…

हो गं, हो. राहतील आता इथंच. पण ऐक, वेणी, आईंना ह्यातलं कधी कळता कामा नये. दिवाळीला आलीस तरी तोंड उघडायचं नाही. शपथ आहे तुला.

…काय बोलतायत?… आई गं. पंचांना सांगतायत, "पुढच्या खेपेला मी पलीकडची गल्लीसुद्धा आणते. कंदिलाखेरीज कशाला हात लावू द्यायची नाही कुणाला."

…

ह्यांनी मान हलवली. "हो आई, कंदीलच," म्हणाले.

पुढची खेप नाही आता, वेणी. मी तोंड बघितलं ना ह्यांचं… कंदील लावतायत. आईंचे हात थरथरतात म्हणून काडी ह्यांनीच ओढली.

ठेवते गं. कॉफी टाकायचीय.