डाव्या पायाखालची ओळ

—नाही, थांबा ताई, पुन्हा तेच केलंत. डावा पाय. मघापासून पाहतोय मी, तुम्ही त्या एकाच जागेवर मागे जाताय. हात टेबलावर अगदी सालस — एक कळफलकावर, दुसरा चहाच्या कपाला — आणि टेबलाखाली पायांचा कारभार निराळाच. मला पायांचं कळतं. इथल्या चर्चची पायपेटी मी वाजवली आहे, उजवा गुडघा धरेपर्यंत वाजवली. तिचा भाता पायांवरच चालतो, डावा-उजवा, डावा-उजवा. पण ती पेटी पायानं श्वास घेते. तुमचं हे पायाखालचं काळं खोकं — डावीकडे दाबलं की गाणं मागे, मध्ये दाबलं की चालू नि बंद, उजवीकडे पुढे — बरोबर ना? हात लिहायला मोकळे राहतात म्हणालात. उत्तम सोय आहे. मग लिहा की. ऐकली ओळ, मांडले स्वर, निघालं पुढे. एका शब्दाची इतकी उलटतपासणी कशाला?

समितीनं तुम्हाला पाठवलं ते नव्या गीतसंग्रहासाठी, आबांच्या गीताचं स्वरलेखन करायला. म्हणून तर वडिलांच्या आवाजाची ती एकुलती एक कॅसेट मी कपाटातून काढून दिली आणि तुम्ही ती संगणकात उतरवून घेतलीत. मथळ्याखाली काय छापायचं तेही ठरलेलं आहे — शब्द आणि चाल, कैलासवासी नाही, आमच्यात ‘प्रभुवासी’ म्हणतात — प्रभुवासी बन्सी गुरुजी. यंदाच्या सुगीच्या उपकारस्तुतीला सगळी मंडळी ते पान उघडून उभी राहतील. तेवढ्यासाठी मी जगलोय म्हणा ना.

कुठली ओळ ती? बघा, मी ओळखलंच. ‘खळे भरले देवा, रास तुझ्या पायी, रूप माझे रिते, त्याला वारा नाही.’ रूप. म्हणजे मनुष्याचं बाह्य स्वरूप, कृपेवाचून रिकामं. शाळेत मी मुलांना याच्यावर तासन् तास — काय? आबांच्या आधी? आबांच्या आधी कोण गाईल, खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. दगडी भिंतीची खोली होती, आवाज घुमायचा. प्रतिध्वनी असेल. हो, प्रतिध्वनी मागून येतो, पुढून येत नाही, तेवढं मलाही समजतं. पण कॅसेटची फीत गुंडाळलेली असते ना, एका पदराचा आवाज दुसऱ्या पदरावर पुसट उमटतो, तो आधीही ऐकू येतो — हे तुमच्याच क्षेत्रातलं आहे, विचारा कुणालाही. बाईचा आवाज आहे म्हणता? मग ते उत्तर गेलं. उमटला असता तर आबांचाच उमटला असता.

बरं, आई असेल. चहा घेऊन आली असेल. घरातली बाई घरात फिरणारच, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? आणि यंत्राची गती निम्म्यावर आणलीत तुम्ही — माणसाचं बोलणं निम्म्या गतीनं ऐकलं तर कुणीही संशयास्पद वाटेल. मी आत्ता बोलतोय ते असं लांबवून ऐका, मीही चोर ठरेन. आबांची नजर अधू झाली होती, पाठीमागून कुणी ओळ सुचवली तर ती ओळ सुचवणाऱ्याची होते का? चर्चमध्ये मीही कितीकांना सुचवल्या. आणि आईला अक्षर येत नव्हतं. ती सूप म्हणाली काय आणि रूप म्हणाली काय —

कशाला थांबलात?

तुम्ही सूप म्हणालात ना मघाशी. नाही म्हणालात? मग मी — तुमच्या कानात ते हेडफोन, मला एक अक्षर ऐकू येत नाही, हे खरं आहे. पण अंदाज येतोच की माणसाला. वारा म्हटल्यावर सूप आलंच. रूपाला वारा कसला लागतो? धान्य उफणायला लागतो. वारा पडला की सूप हातात धरून खळ्यावर नुसतं उभं राहायचं, आई सांगायची ते — आबांनी जन्मात सूप धरलं नाही, खडू धरला. जुन्या पुस्तकात ‘रूप’ छापून आलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. म्हणाली, मास्तरानं माझं सूप धुऊन पांढरं केलं.

छबूबाईकडे जाऊन आलात ना तुम्ही आधी? माझी बहीण, सुप्याला असते. नाही? बघा हं. ती गेली कित्येक वर्षं एकच धोशा लावून बसली आहे, दादा, ते गाणं आईचं हाय. तिनंच हा डावा पाय शिकवला असावा तुम्हाला, असं मला आल्यापासून वाटतंय.

उठा. उठा तुम्ही, मला बसू द्या. हेडफोन काढा त्याचे, आवाज खोलीत येऊ दे. माझ्या घरातली माणसं आहेत ती, तुमच्या कानात कशाला? मधलं दाबलं की चालू — हं. आबा. हा आबांचा खर्ज. आता पाहू कोण आधी बोलतं — अरे, हे मागे का पळतंय? मी काही केलं नाही. पाय? पाय आपोआप चालतात हो, पेटीची सवय. डावा-उजवा करायला गेलो, उजवा गुडघ्यामुळे उठतच नाही, सगळा भार डाव्यावर. किती मागे गेलं? पार सुरुवातीला? तुम्ही गाण्यापासून ऐकलंत, त्याच्याही आधी काही आहे? बोलताहेत आबा.

‘...साळू, तू म्हन आदी. मी पेटीत धरतो. तुजं तू म्हन, लाजू नगंस.’

साळू म्हणजे आई. साळूबाई तिचं नाव. समितीत कुणाला ठाऊक नसेल.

नाही, तुम्ही पाय लावू नका. आणि ते मथळ्याखालचं आत्ता विचारू नका. फाटक ओढून घ्या जाताना. खोकं राहू द्या — ती पूर्ण ओळ म्हणतेय, आबांच्या आधी —