आत्या बसत नाही

माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे आमचे निर्माते, नव्या मालिकेचे तरुण दिग्दर्शक, तिची गुणी नायिका, आणि समोर बसलेल्या मेकअप, लाइट, कपडेपट, कँटीन अशा सगळ्या विभागांतल्या माझ्या माणसांनो,

माझ्याबद्दल इथे इतकं चांगलं बोललं गेलं की मी निवृत्त होतेय की वारलेय, असा मला मधेच प्रश्न पडला. तरी आभार मानते. आज एकाच हॉलमध्ये दोन कार्यक्रम आहेत, माझा निरोप आणि नव्या मालिकेच्या शंभराव्या भागाचा केक. म्हणून सूत्रसंचालकांनी मला मघाशी कानात सांगितलं, "ताई, मूळ मालिकेतून निघालेली मालिका मूळच्या तोडीची होऊ शकते का, यावर दोन शब्द बोला. पण जरा गोड बोला हं."

गोड बोलायचा प्रयत्न करते. जमेलच असं नाही.

सव्वीस वर्षं मी या कंपनीत कंटिन्युइटी सांभाळली. म्हणजे काय, असं माझी भाची अजून विचारते. जखम उजव्या कपाळाला होती की डाव्या, पेला अर्धा होता की भरलेला, सुनेला ते गुपित कळलंय की अजून कळायचंय, हे सगळं मी वहीत लिहायचे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. सिस्टर दोन गोष्टी शिकवायच्या. अक्षर नीट काढायचं, आणि विचारलं तेवढंच सांगायचं. पहिलीमुळे मला नोकरी मिळाली. दुसरीबद्दल पुढे बोलते.

जुन्या मालिकेतली आत्या तुम्हाला आठवत असेल. भावाच्या घरी राहणारी, स्वयंपाकघराच्या दाराशी उजवा खांदा टेकून उभी असणारी. ती कधी बसायची नाही. बाकी घर जेवायचं, भांडायचं, सोफ्यावर लोळायचं. आत्या आपली दारात. त्यावर प्रेक्षकांची पत्रं यायची. एका बाईंनी लिहिलं होतं, "अहो, त्या आत्याला कुणीतरी एक खुर्ची द्या हो. माझ्याच्यानं बघवत नाही." समीक्षकांनी त्यात आश्रिताचं दुःख पाहिलं. लेखकांनी नम्रपणे मान डोलावली.

खरं सांगू? तो गुडघा होता.

आत्याचं काम करणारी माझी मैत्रीण, तिला आपण सगळे सेटवरही आत्याच म्हणायचो, तिचा डावा गुडघा तिसऱ्याच महिन्यात गेला. एकदा बसली की आधाराशिवाय उठता यायचं नाही. उभं राहून शॉट द्यायचा, मधे कपडेपटाच्या खोलीत जाऊन पाय पसरायचे, असं तिनं अकरा वर्षं रेटलं. मला म्हणाली होती, "मास्तरीणबाई, तुझ्या वहीत लिही, आत्या बसत नाही. का ते लिहू नकोस. ऑफिसला कळलं तर मला कायमची घरी बसवतील." मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात. भाऊ जातो त्या भागात ती एकदाच बसली, आणि महाराष्ट्रभर काय, जिथे जिथे टीव्ही होता तिथे माणसं रडली. शॉट संपल्यावर दोन लाइटवाल्यांनी तिला उचललं. ते दोघे मागच्या रांगेत आहेत, विचारा त्यांना.

मग ही नवी मालिका ठरली. आत्या भावाचं घर सोडते, स्वतःचं घर घेते. कल्पना छानच होती, मी आजही म्हणते. आत्याचं काम अर्थातच आत्याला. फक्त एक चाचणी घ्यायची, नवा प्रकाश, नवं घर, म्हणून. मी वही घेऊन हजर होते. चौथ्या शॉटनंतर तिनं हळूच स्टूल मागितलं. दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा दोष नाही, त्यांनी विचारायचं तेच विचारलं. "ताई, आत्या बसते का?"

तिनंही माझ्याकडे पाहिलं. आता काय लपवायचं उरलं होतं? पाय थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता. मी एवढंच म्हणायचं होतं, की बाबांनो, ती बसत नव्हती ते गुडघ्यामुळे. आता तिचं स्वतःचं घर आहे, बसवा तिला.

मी म्हणाले, "नाही. अकरा वर्षांत एकदाच बसलीय."

विचारलं तेवढंच सांगितलं. खोटं बोलू का? मला त्या क्षणी अभिमान वाटला होता. वही न उघडता उत्तर दिलं म्हणून.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बारा तास उभं राहू शकेल अशी आत्या शोधली गेली.

बाळ, तू खाली बघू नकोस. तू काम चोख करतेस. खांदा तोच, भार उजव्या पायावर, मानेचा कलही तोच. सगळं माझ्या वहीतून उचललंयस, एक रेघ इकडची तिकडे नाही. पण स्वतःच्या घरात, समोर चार खुर्च्या रिकाम्या असताना, तू उभी का आहेस हे तुला कुणी सांगितलंय का? नाही. वहीत कारण लिहिलेलंच नव्हतं. परवा एका प्रेक्षक बाईंचं पत्र आलं, "आत्या सारखी दारात का उभी असते? कुणी येणार आहे का?" पूर्वीच्या बाईंना तिच्यासाठी खुर्ची हवी होती. तोडीचं होऊ शकतं का, या प्रश्नाला माझ्याकडे या दोन पत्रांपलीकडे उत्तर नाही. आकडे नव्या मालिकेचेच मोठे आहेत, तेही सांगून टाकते. आकड्यांना गुडघे नसतात.

गेल्या आठवड्यात मी माझ्या मैत्रिणीकडे गेले. सहा महिन्यांनी. मला वाटलं, दार लावून घेईल. चहा टाकला तिनं, खुर्चीला धरून धरून. बाळ, तुझी मालिका ती रोज बघते. म्हणाली, "पोरगी बरी आहे गं. पण तिला सांग, बस म्हणावं. कशाला पाय मोडून घेतेस?" तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. मीही, न विचारलेलं काही बोलले नाही. तसाच चहा पिऊन परत आले.

ही वही आज मी दिग्दर्शकांच्या हाती देते. ती ओळ खोडलेली नाही. तिच्याखाली कारण लिहिलंय, अकरा वर्षं उशिरा.

आपण सर्वांनी प्रेम दिलंत, सव्वीस वर्षं माझ्या 'पेला डावीकडे'ला सहन केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. एक क्षमा मात्र तुमच्याकडे मागून भागणारी नाही. माझ्या मैत्रिणीला आमंत्रण गेलं नव्हतं. मीच तिला सोबत आणलंय. पण आपली लिफ्ट बंद आहे. ती म्हणाली, "दोन जिने? तू बोलून ये, मी आहे इथे." खाली वॉचमनच्या खुर्चीत ती तासाभरापासून बसलीय.

केक तुम्ही कापा. मला खाली जायचंय.