परीक्षेच्या डोक्याला तेल

हसायचं नाही, तरच सांगते. नांदेडला ब्युटी पार्लरचा कोर्स करत होते. परीक्षेत जुन्या देवळातल्या मूर्तीसारखी केशरचना घरून करून न्यायची होती. त्यासाठी केस लावलेलं रबरी डोकं देतात, ते मी मुखेडला घरी आणून टेबलाला बसवलं. दुपारभर मशीननं केसांना लाटा पाडल्या, ते फुलवले, मागं हा एवढा अंबाडा घातला. मग चहा ठेवायला आत गेले.

बाहेर येते तर सासूबाई त्या डोक्यावर तेल चोळायल्यात!

"आत्याबाई! हे काय केलंत?"

"किती राठ केस गं हिचे! मला बघवंना. अंबाडा न्हाई मोडला, वरवर लावलंय."

वरवर म्हणजे अर्धी बाटली! धुवावं तर सगळं पहिल्यापासून, आणि परीक्षा सकाळीच. शेवटी ते तेलकट मुंडकं मांडीवर घेऊन एसटीत बसले. शेजारची बाई उठून मागच्या सीटवर गेली.

परीक्षक मॅडमनी अंबाड्यावरून बोट फिरवलं.

"रोज तेल घातलेली काळ्या दगडाची मूर्तीच की! बाकीच्यांच्या सगळ्या कोरड्या. तुला हे सुचलं कसं?"

"घरी चर्चा झाली, मॅडम."

पहिला नंबर! पळतच घरी आले, "आत्याबाई, तुमच्या तेलानं पहिली आले!"

त्यांनी शांतपणे बाटली उघडली आणि पाट पुढं सरकवला.

"तिचं झालं. आता तू बस. तुझे तर तिच्याहून राठ हायत."