घरचा कापूस

(वाटूरमधलं एक घर. मागच्या खोलीत कपडे वाळवायचा ड्रायर. त्याच्यापुढं उकिडवा बसलेला मेकॅनिक राजानंद. शेजारी घरची सून प्रिया आणि तिची सासू साळूबाई.)

राजानंद : भात आहे हा.

प्रिया : कुठं?

राजानंद : आत. ड्रमला चिकटलाय. ताई, कपडे वाळून न्हाई राह्यले म्हणून तुम्ही मला बोलावलं. यात भात कोणी शिजवला?

साळूबाई : शिजवंल कोण? निवद ठेवला होता. दहीभाताचा.

प्रिया : आत्याबाई, ड्रायरमध्ये?

साळूबाई : पह्यल्या वेचणीला रानात ठेवतोच की. मंग हितं काहून न्हाई ठेवायचा?

राजानंद : कशाची वेचणी?

साळूबाई : तू तुझं काम कर बाबा.

राजानंद : तेच करून राह्यलो. ही जाळी निघंना. हां, निघाली. ताई, बघा. बोटभर थर. कपड्यांची लव हितं अडकती, ती दर खेपेला काढावी लागती. वाराच जाईना तर कपडे वाळतील कसे?

साळूबाई : हात नको लावू त्याला.

राजानंद : काहून?

साळूबाई : अजून भरलं न्हाई. बोंड अर्धं उकललेलं कोणी वेचतंय का? नुसती कवडी निघती, खराब कापूस.

प्रिया : आत्याबाई, तो कापूस नाही. कपड्यांची झीज आहे ती.

साळूबाई : आन् कपडे कशाचे अस्तेत?

प्रिया : म्हणजे टॉवेल एवढे विरळ झाले ते यामुळं? परवा टॉवेलातून पलीकडचा बल्ब दिसत होता मला.

साळूबाई : टावेलाचा उतारा चांगलाय. तुझ्या सासऱ्याच्या धोतराचा त्याहून चांगला. माझ्या सोमेश्वरच्या प्यांटी मातर कोरडवाहू. वरून काळ्या. सगळा माल डागी करतेत.

प्रिया : वाळलेले टॉवेल परत घालता तुम्ही यात?

साळूबाई : तू शाळेत शिकवायला गेलीस की. मंग फिरवते दोन पाळ्या.

राजानंद : मावशी, पेटंल हे. ही लव लई जल्दी पेट घेती.

साळूबाई : कापूस हाये, पेटणारच. म्हणून जिनिंगवाले जिनिंग बंद करतेत का?

राजानंद : ताई, तुम्हीच समजवा. सोमेश्वररावांचा फोन आल्ता मला. सुधरत नसंल तर आजच टेम्पोत टाकून दुकानात परत न्या म्हणले.

प्रिया : बरोबर आहे त्यांचं. मला आठवा महिना लागलाय. बाळाची दुपटी पावसाळ्यात वाळावीत म्हणून तर हे घेतलं. सगळं दमटच निघणार असेल तर ठेवून काय करू?

साळूबाई : आज नेणार? मंग गादी?

प्रिया : कुठली गादी?

राजानंद : मावशी, बोला की.

साळूबाई : लेकराची. सोमेश्वर निजला, त्याची बहीण निजली, समदे घरच्या कापसाच्या गादीवर. यंदा कापूस कुठंय? समदी मोसंबी लावली. आता लेकराला काय मोसंबीवर निजवू?

प्रिया : दुकानात मिळतो की कापूस.

साळूबाई : कोणाच्या रानातला, काय ठाव. ही पिशवी बघ, आधीच्या वेचणीची. यात घरातलं हरेक माणूस हाये. ही सोमेश्वरची बनियन. ह्ये धोतर. ह्ये माझं लुगडं.

प्रिया : आणि माझं?

साळूबाई : तुझं कुठून येणार? तुझ्या साड्या समद्या पॉलिस्टरच्या. त्या पिवळीला चार पाळ्या फिरवलं मी. चिमूटभर सुटलं न्हाई.

प्रिया : माझी पिवळी साडी चार वेळा?

साळूबाई : पिकलीच न्हाई ती.

राजानंद : मावशी, तुम्ही भेंडी लावता का?

साळूबाई : लावते की, बांधाला.

राजानंद : तोडता कधी?

साळूबाई : दिसाआड. न्हाई तर निबर होती. आन् झाडावर तशीच ठेवली तर झाड नवी धरतच न्हाई.

राजानंद : मंग हिला कापूस समजू नका, भेंडी समजा. दर खेपेला जाळी मोकळी करायची. वारा बराबर लागतो, कपडे वाळतेत, जाळी परत धरती. कोरडे टावेल बिलकुल घालायचे न्हाईत.

साळूबाई : हे आधी कोणी सांगितलं का मला?

राजानंद : आधी कोणी विचारलं न्हाई, मावशी. बोला ताई, टेम्पो बोलावू का न्हाई?

प्रिया : नको. ह्यांना फोन करून मी सांगते. जाळी बसवा तुम्ही.

राजानंद : बसवली. काही ओलं असंल तर टाका, चालवून बघू.

प्रिया : दोरीवरचं आणते, थांबा. हे घ्या.

साळूबाई : अगं, ही तुझ्या आईची साडी. माहेराहून, टेंभुर्णीहून आणलेली. हिला तर तू या यंत्राजवळ येऊ देत न्हाईस.

प्रिया : झिजेल म्हणून.

साळूबाई : मंग?

प्रिया : सुती आहे, आत्याबाई.

साळूबाई : राजानंद, दार हळू लाव बाबा. पदर बाहेर राह्यलाय तिचा.