वजनामुळे वेळ लागला, असं म्हणण्याआधी

जमलेल्या सर्व नातेवाइकांना आणि आत्याच्या शाळेतल्या सहकाऱ्यांना नमस्कार. मला सभेत बोलायची सवय नाही. आज तर आणखी अवघड आहे, कारण मी जे बोलणार आहे ते शोकसभेत कुणी बोलत नाही.

सुनंदाआत्या वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आलीच नाही. ऑपरेशन ठरल्यापेक्षा खूप लांबलं. का लांबलं? सर्जन म्हणाले, "वजनामुळे." तेव्हापासून हेच ऐकते आहे. घराच्या दारात ऐकलं. दहाव्याला गोदाकाठी ऐकलं. आत्ता या हॉलच्या पायऱ्यांवरही ऐकलं. "वजनच फार होतं हो."

हे वाक्य फार पटकन पटतं. म्हणूनच मला त्याचा संशय येतो.

मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात भूल देण्याच्या यंत्रांवर तंत्रज्ञ आहे. वजन जास्त असलं की वेळ जास्त लागू शकतो, हे खरं. पोटातली चरबी, वाढलेलं यकृत, यांतून वाट काढावी लागते. पण आत्याहून जड माणसं लवकर बाहेर आलेली मी पाहिली आहेत. तिच्याहून हलकी माणसं बराच वेळ आत राहिलेलीही पाहिली आहेत. कधी जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असतात. कधी रक्त थांबत नाही. कधी एखादं उपकरण ऐनवेळी दगा देतं. यातलं काय झालं? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. मी कुणावर आरोप करत नाही.

पण एक गोष्ट जुळत नाही. यकृत लहान व्हावं म्हणून आत्या आधी नुसत्या पातळ आहारावर होती. तिची मुलगी, मेघाताई, पहाऱ्याला. आत्या फोनवर म्हणायची, "अगं, ही पोरगी जेलर झालीय! शेवेचा डबासुद्धा कुलपात!" शेवटच्या तपासणीला सर्जन म्हणाले, "मॅडम, वजन छान उतरलंय. आमचं काम सोपं केलंत." आत्या म्हणाली, "मग प्रगतिपुस्तकावर तसा शेरा द्या." मी शेजारीच उभी होते. सगळे हसलो.

आधी काम सोपं झालं होतं. नंतर वजनामुळेच लांबलं. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. मधे काय झालं?

काल मेघाताई मला म्हणाली, "मी आईला अजून थोडं कमी करायला लावलं असतं, तर ती वाचली असती." ताई, हे तुला कुणी सांगितलं? कुणा एकाने नाही. आपण सगळ्यांनी मिळून सांगितलं. हळहळत, तिच्या पाठीवर हात ठेवून.

उद्या आत्याचे यजमान, म्हणजे काका, आणि ताई सर्जनना भेटणार आहेत. मी सोबत जाणार आहे. कदाचित उत्तर वजन हेच असेल. तसं निघालं तर मी मान्य करेन. पण विचारल्यानंतर. तोवर निदान ताईसमोर ते वाक्य बोलू नका. एवढीच विनंती.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. आत्या कशी होती ते आठवा. केवढी होती, ते नको.