जाळलेल्या रिळांचा सत्कार

आजच्या या नागरी सत्काराचे अध्यक्ष आणि सत्कार समितीचे प्रमुख माननीय रावजीशेठ लांजेकर, मुंबईहून मुद्दाम वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आपल्या सर्वांचे सत्कारमूर्ती आदरणीय आत्माराम भाटकर सर, आणि पंख्याखाली जागा मिळालेल्या व न मिळालेल्या माझ्या रत्नागिरीकर रसिकजनहो, सर्वांना माझा नमस्कार.

मी योगिनी मयेकर. बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी भयपट बघते. आमचा वीस-पंचवीस वेड्यांचा एक गट आहे. 'भयपट रसिक मंडळ' असं त्याचं भारदस्त नाव आहे. या मंडळाच्या वतीनं सरांविषयी चार शब्द बोलावेत, अशी विनंती समितीनं मला केली. आपले सूत्रसंचालक निलेश यांनी मघाशी जिन्यात गाठून आणखी एक विनंती केली. म्हणाले, "मॅडम, कौतुकच करा हां. जुनं काही उकरू नका."

निलेश, मी कौतुकच करणार आहे. पण सरांचा चित्रपटच चाळीस वर्षांपूर्वीचा. जुनं सोडून कौतुक कशाचं करू?

'ओहटीची हाक' तुमच्यातल्या बहुतेकांनी आता मोबाईलवर पाहिलाय. मघाच्या चित्रफितीत मोठमोठ्या दिग्दर्शकांनी त्याविषयी काय काय म्हटलं तेही आपण ऐकलं. सरांनी नेमकं काय केलं, ते मला एका प्रेक्षकाच्या भाषेत सांगू द्या. त्या काळी पडद्यावर भूत यायचं म्हणजे रात्र लागायची, धूर लागायचा, कुत्री रडायची. भाटकर सरांचं भूत भर दुपारी येतं. कातळाच्या सड्यावर, जिथं लपायला झाड नाही, सावली नाही, अशा ठिकाणी एक बाई चालत येते. साधं सुती पातळ, डोक्यावर पदर. चेहरा स्वच्छ दिसतो. आपल्या शेजारी राहणाऱ्या बाईचा असावा तसा. नवरा ओहटीला खाडीत कालवं काढायला गेला तो परत आला नाही, म्हणून ती खाडीच्या दिशेनं जाते आणि एकेकाला नावानं हाक मारते. जो ओ देतो तो जातो. बस, एवढंच. संगीत नाही, किंकाळी नाही. वारा आणि ती हाक.

सर तेव्हा टॉकीजची पोस्टरं रंगवायचे. मुंबईत काही वर्षं एका स्टुडिओत रंगाऱ्याचं काम केलेलं, तेवढीच त्यांची चित्रपटाची शाळा. उन्हाचा उजेड चेहऱ्यावर परतवायला त्यांनी घरातल्या पांढऱ्या चादरी ताणून धरल्या होत्या. आज आपण त्यांना मराठी भयपटाचे आद्य दिग्दर्शक म्हणतो. त्या वेळी घरचे त्यांना काय म्हणत असतील याची कल्पना करा!

हसलात, बरं झालं. पुढं हसायला फारसं काही नाही.

ती बाई कोण होती? सत्काराच्या पत्रिकेत तिचं नाव नाही. मानपत्रातही नाही. म्हणून मी सांगते. तिचं नाव दमयंती पावसकर. बालवाडीत शिकवायची, बाविशीची होती. सरांनी तिला घरी जाणाऱ्या मुलांना हाका मारताना ऐकलं आणि तिच्या वडिलांकडे जाऊन विनवलं. वडील कबूल झाले, पण पाटीवर नाव नको म्हणाले. म्हणून श्रेयनामावलीत तिच्यापुढं 'एक नवतारका' असं आहे.

चित्रपट लागला आणि गर्दी लोटली. लोक घाबरून बाहेर यायचे आणि दुसऱ्या दिवशी भावंडांना घेऊन परत यायचे. कुणी दारावरून हाक मारली तर तीनदा ऐकल्याशिवाय ओ देईनात. आणि मग पंधरवड्यातच कॉलेजची दोन मुलं ओहटीला खाडीत मुळे, म्हणजे शिंपले, काढायला गेली. भरती कधी वळली ते कळलं नाही. एक पोहून आला. दुसरा आला नाही. त्याचं नाव विनोद.

चित्रपटात ती बाई जी पहिली हाक मारते, ती विनोदला.

आता तुम्हीच सांगा, आपल्या कोकणात विनोद नावाचे किती असतील? एकट्या माझ्या वाडीत तीन होते. पण गावाला कारण मिळालं. त्या बाईनं हाक मारली म्हणून पोर गेलं, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. मी चौकशी केलीय, त्या मुलाच्या आईनं कधी तसं म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "माझ्या पोराला पोहायला येत नव्हतं." तिचं कुणी ऐकलं नाही. जे ओरडत होते त्यांच्या घरातलं कुणी गेलेलं नव्हतं.

मग सभा झाली. एका शाळेच्या पटांगणात, दिवसाढवळ्या. रावजीशेठ, आपल्याला ती आठवत असेल. आपण तेव्हा तरुण होता आणि बोलायला आपणच उभे राहिला होतात. मी तिथं नव्हते, पण सर होते. आपलं वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलंय. "रिळं जाळा, नायतर ती बाय या गावात ऱ्हाणार नाय."

असू द्या, असू द्या. खाली बसा सगळे. रावजीशेठ बसलेत ना शांत? मग आपणही बसू.

सर त्या सभेत एकटे उभे होते. त्यांनी विचारलं, "रिळं जाळली तर तिला त्रास देणार नाही, याची हमी कोण घेतो?" हमी दिली गेली. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी सर टॉकीजमधून पेट्या घेऊन आले, मुंबईहून मूळ निगेटिव्हही मागवलं, आणि ते आल्यावर खाडीच्या वाळूत सगळं लोकांसमोर पेटवलं. पेट कसा घेतला ते सर सांगत नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वास फार दिवस हाताला होता."

आणि हमीचं काय झालं? दमयंतीच्या बालवाडीत एकेक मूल यायचं बंद झालं. महिनाभरात तिला, तुम्ही काही दिवस घरीच थांबा, असं सांगण्यात आलं. ते काही दिवस कधी संपले नाहीत. दापोलीला तिचं लग्न ठरलं होतं, ते मुलाकडच्यांनी मोडलं. नातेवाईक तिला देवळात घेऊन गेले, गाऱ्हाणं घातलं, अंगारा लावला. कसला उतारा करत होते? तिनं केलं काय होतं? शेवटी भाऊ तिला पालीला आपल्या घरी घेऊन गेला. तिथं तिनं शिवणयंत्र घेतलं आणि जन्मभर लोकांचे कपडे शिवले. सरांनी पुन्हा चित्रपट केला नाही. दुकानांच्या पाट्या रंगवल्या. या शहरातल्या जुन्या पाट्यांची अक्षरं सुंदर आहेत असं आपण म्हणतो ना, ती अशी सुंदर झाली.

चित्रपट संपला होता. पण माझे वडील बोटीवर होते आणि त्यांनी दुबईच्या एका दुकानातून गाववाल्याचा पिक्चर म्हणून त्याची व्हिडिओ कॅसेट घेतली होती. आई गेल्यावर घर आवरताना ती मला सापडली. आमच्या गटातल्या संदेशनं ती संगणकावर उतरवली आणि आम्ही सगळ्यांनी भर दुपारी खिडक्या उघड्या ठेवून पाहिली. संपल्यावर कुणी उठेना. तेव्हा आमचा पहिला विचार काय होता? सरांना किती आनंद होईल! दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो.

सरांनी पेढ्याला हात लावला नाही. म्हणाले, "एक प्रत राहिली होती?" आणि मग, "दमूनं बघितलाय का?"

तेव्हा आम्हाला कळलं की दमयंतीबाईंनी स्वतःचा चित्रपट कधी पाहिलाच नव्हता. वडिलांनी टॉकीजला जाऊ दिलं नव्हतं, थोडं थांब, गर्दी ओसरू दे, म्हणाले होते. गर्दी ओसरायच्या आत सगळं जळालं.

आम्ही सरांना घेऊन पालीला गेलो. बाजारातून आत वळलं की पुढं त्यांचं घर आहे. भाच्याची बायको वेदिका दारात आली. ती आम्हाला आधी बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या कुणाला नावानं हाक मारत नाहीत हां. माझ्या मुलांनासुद्धा नाही. इथंही सुरुवातीला लोक बोलायचे ना. तेव्हापासून अरे, अगो, एवढंच." रसिकजनहो, ज्या आवाजाची आपण मघाशी चित्रफितीत एवढी तारीफ ऐकली, तो आवाज चाळीस वर्षं असा बंद आहे.

सर आत गेले. त्या मशीनवर बसल्या होत्या. चष्मा वर करून त्यांनी बघितलं, ओळखलं. "बसा," म्हणाल्या. आता पुढचं जे बोलणं झालं ते मी सरांच्या परवानगीनं सांगते. त्यांनीच मला आज सांग म्हटलंय.

सर म्हणाले, "दमू, तुला सोडतील म्हणून जाळलं गो मी."

"सोडलं नाय पण."

"नाय सोडलं."

"आणि मला इचारलंत काय ओ? सभेत इचारलंत, बाजारात इचारलंत. मला कोणी इचारलं नाय. माझं पण होतं ते काम. तेवढंच एक होतं."

पालीला जाताना गाडीत आम्ही सरांना त्यागमूर्ती म्हणत होतो. त्या खोलीत तो शब्द उच्चारायची लाज वाटली. सरांनी हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं माझं. माफ कर." त्यावर त्या म्हणाल्या, "बघू."

मग आम्ही लॅपटॉप उघडला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. मधे एकदाही नजर काढली नाही. वेदिका घाबरून पदर तोंडात धरून बसली होती आणि त्या स्वतःकडे बघत होत्या, त्या सड्यावरच्या बावीस वर्षांच्या मुलीकडे. संपल्यावर मग एकच शब्द म्हणाल्या.

"एवढ्यासाठी?"

आणि थोड्या वेळानं, "चालले मात्र चांगली हां."

आम्ही त्यांना विचारूनच चित्रपट लोकांसमोर ठेवला. या वेळी विचारलं. 'एक नवतारका' च्या जागी नाव घालायचं का, तेही विचारलं. म्हणाल्या, "पूर्ण घाला. दमयंती विश्राम पावसकर." तो लाखो लोकांनी पाहिला, त्यावर लेख आले, आणि मग या शहराला आपल्याकडे एक आद्य दिग्दर्शक असल्याचा शोध लागला. समिती झाली. कमान उभी राहिली. समितीला मी सुचवलं होतं की दमयंतीबाईंनाही बोलवा. तर मला उत्तर मिळालं, "विषय नाजूक आहे." नाजूक कुणासाठी, हे मी विचारलं नाही. मी स्वतः जाऊन त्यांना बोलावलं, तर त्यांनीच सांगितलं, "त्या लोकांसमोर मला परत उभी करू नका. एकदा केलीत तेवढी पुरे."

निलेश, आपली चिठ्ठी मिळाली. आटोपते.

एक गोष्ट राहिली. सर, हा सत्कार आपण का स्वीकारलात, असं आमच्या गटातल्या कित्येकांनी मला रागानं विचारलं. मीही रागावले होते. आपण शांतपणे म्हणालात, "नाही म्हटलं असतं तर ते तेवढ्यावरच सुटले असते. ते शाल घालणार, म्हणजे सगळे हजर असणार. तू तेव्हा सांग." म्हणून सांगितलं. आपल्या चित्रपटावर आमचं प्रेम आहे ते आहेच, ते आज बोलून दाखवण्याइतकं लहान नाही. पण दिग्दर्शकाचं कौतुक करताना त्याची चूक झाकावी लागत नाही, हे आपणच आम्हाला शिकवलंत. आजही ही गोष्ट सांगताना आपली चूक वगळू नकोस, असं बजावलंत. या व्यासपीठावर एवढं धाडस आणखी कुणाचं आहे, ते मी शोधत नाही.

समितीचे, सभागृहाचे, ध्वनिक्षेपक मधेच बंद न करणाऱ्या गृहस्थांचे आणि एवढा वेळ खुर्ची न सोडणाऱ्या आपल्या सर्वांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या ओघात अधिक-उणं झालं असेल, मोठ्यांचा मान राखण्यात कसूर झाली असेल, तर लहान समजून पदरात घ्या.

बाकी माफीचं मी काल सरांना विचारलं होतं. म्हटलं, सर, उद्या सगळ्यांच्या वतीनं मी दमयंतीबाईंची माफी मागू का व्यासपीठावरून? सर म्हणाले, "सगळ्यांच्या वतीनं कशाला? मी माझी मागून आलोय. ज्याची त्यानं जाऊन मागावी. पालीला जायला स्टँडवरून गाड्या पुष्कळ आहेत."

नमस्कार.